रजेत काय शिकलात?

बाळंतपणाची रजा संपवून मी ऑफिसात गेले, तर माझ्या टेबलावर दुसऱ्याच कुणाचा डबा. डब्याचा मालक भला माणूस होता. मला बघून उठला, "या मॅडम, या" म्हणाला, बाळाची चौकशी केली आणि परत माझ्याच खुर्चीत बसला. माझ्या रजेपुरता त्याला आणलेला, म्हणून सगळं ऑफिस त्याला बदली म्हणायचं. त्यालाही नाव होतं, पण ते वापरायची कुणाला गरज पडली नव्हती.

मी शहरबसचं वेळापत्रक लावते. लोकांना वाटतं, रोज सकाळी उजाडतं तसं वेळापत्रकही आपलं आपण लागतं. ते लावावं लागतं. माझ्या टेबलामागे भिंतभर कागद असतो. त्यावर आडवी वेळ, उभे थांबे, आणि प्रत्येक बस म्हणजे एक तिरकी रेघ. बस पळाली की रेघ उभी होते, रखडली की आडवी पडते, आणि शेवटच्या थांब्यावर बस जरा टेकली की रेघ तेवढी सपाट जाते. त्या सपाट तुकड्यात ड्रायव्हर पाणी पितो, लघवीला जातो, पाठ मोकळी करतो. कंप्युटरवर चढवायच्या आधी मी हे सगळं पेन्सिलीनं काढते. ऑफिसातले लोक त्याला हसतात. हसोत बापडे.

माझ्यामागे बदलीनं ते सगळे सपाट तुकडे काढून टाकले होते. त्यातून त्यानं दोन गाड्या वाचवल्या आणि साहेबांच्या गळ्यातला ताईत झाला. ड्रायव्हर मात्र शेवटच्या थांब्यावर पळत उतरत आणि पळतच चढत होते, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गाड्यांचा बोजवारा उडत होता. भिंतीवरचा तो कागद बघून माझा जीव वरखाली झाला. हिवाळ्याचं नवीन वेळापत्रक अजून लागायचं होतं आणि ते मलाच लावायचं होतं. मुलीला अंगावर पाजताना मी डोळे मिटून त्याच्याच रेघा ओढत बसायचे, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मी तडक वाहतूक विभागाच्या साहेबांकडे गेले आणि माझं टेबल मागितलं.

"टेबलाची घाई कशाला?" साहेब म्हणाले. "आधी परतीचा कोर्स करा."

"कसला कोर्स? मी काम सोडून गेले होते, काम विसरून नाही."

"अहो, नवीन धोरण आहे. रजेवरून येणाऱ्या प्रत्येक आईला कोच. कंपनी एवढा खर्च करतेय तुमच्यावर. कोर्स झाला, वरच्या मंडळींपुढे छोटंसं प्रेझेंटेशन दिलंत, की झालं."

"प्रेझेंटेशन कशावर?"

"रजेत काय शिकलात, त्यावर."

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे घरीदारी सगळ्यांना ठाऊक आहे. पण मी काही बोळ्यानं दूध पीत नाही. तिथं भांडले असते तर टेबल आणखी लांब गेलं असतं. मूग गिळले आणि झेरॉक्सच्या मशीनशेजारी मला दिलेल्या स्टुलावर जाऊन बसले.

कोचबाईंची खोली आख्ख्या इमारतीत सगळ्यात चांगली होती. दोन गुबगुबीत खुर्च्या, मध्ये काचेचं बुटकं टेबल, त्यावर टिश्यूचा खोका. खोक्यातला पहिला कागद अर्धा बाहेर ओढून ठेवलेला, म्हणजे रडणारीला धडपड नको. कोचबाई पन्नाशीच्या, आवाज मधाळ, मान कायम एका बाजूला कललेली. "ऐकतेय हं मी," असं त्या मधूनमधून म्हणायच्या. मी गप्प असले तरी म्हणायच्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझे अर्धे शब्द काढून घेतले. रजा म्हणायचं नाही, विकासकाळ म्हणायचं. थकले म्हणायचं नाही, ऊर्जेचं नियोजन करतेय म्हणायचं. विसरले असं तर चुकूनही म्हणायचं नाही, प्राधान्यक्रम बदलला म्हणायचं.

"पण रजेच्या अर्जावर रजाच लिहिलंय," मी म्हणाले.

"अर्जावर असू दे. मनात विकासकाळ." मग त्यांनी गृहपाठ दिला. "घरी बाळासाठी जे जे करता, ते सगळं ऑफिसच्या भाषेत मांडून आणायचं. आपल्याला आपली किंमतच कळत नाही हो. ती मांडायला शिकायचं."

घरी जेवायला बसल्यावर मी हे सांगितलं. जेवायला आम्ही चौघं असतो. मी, नवरा, सासूबाई, आणि सासूबाईंच्या मांडीवर आमची भुंगी. झोप येईपर्यंत ती सारखी भुणभुणते म्हणून भुंगी. मी ऑफिसात गेले की ती सासूबाईंकडेच असते. नवरा विमा कंपनीत आहे आणि त्याला विनोदाची भारी खाज.

"सोपं आहे," नवरा म्हणाला. "ओकारी म्हणजे अनपेक्षित परताव्याचं व्यवस्थापन."

मला घास गिळवेना. "आणि लंगोट?"

"गळती-नियंत्रण."

"रात्री तीन-तीनदा उठायचं ते?"

"अखंड ग्राहकसेवा. आणि आई जी गाणी म्हणते ना, ती म्हणजे तक्रार निवारण."

सासूबाई भुंगीच्या तोंडाला लागलेलं गाजर पुसत होत्या. "माझी चार झाली," त्या म्हणाल्या. "चारही अशीच ओकायची. मला नाही कुणी साहेब केलं."

आम्ही हसून हसून लोळलो. मग मी ते सगळं नीट टाइप केलं, मथळे दिले, आकडे घातले. थट्टा करायची तरी ती टापटीप करावी, हा माझा स्वभाव. मनात हिशेब साधा होता. कोचबाईंपुढे गंभीर चेहऱ्यानं वाचायचं, त्यांना कळेल की ही बाई आपली टर उडवतेय, त्या वैतागतील आणि मला एकदाच्या सोडतील.

मी वाचलं. गळती-नियंत्रणापर्यंत आले तेव्हा कोचबाईंनी टिश्यू घेऊन डोळ्यांना लावला. अखंड ग्राहकसेवेला त्यांचे खांदे हलायला लागले.

"हे असंच्या असं प्रेझेंटेशनला घ्या," त्या कशाबशा म्हणाल्या. "एक शब्द बदलू नका."

प्रेझेंटेशनच्या दिवशी मोठ्या टेबलाभोवती साहेब आणि वरची मंडळी बसली होती. वरच्या मंडळींत जाड भिंगांचे एक गृहस्थ होते, ते सगळ्यांत मोठे असावेत, कारण त्यांच्यापुढे दोन कप होते. मी भुंगीचा उल्लेख पहिल्यापासून शेवटपर्यंत 'प्रमुख लाभार्थी' असा केला. तिच्या रडण्याचा आलेख दाखवला. मऊ गाजराचा पुरवठा आणि मागणी यांतली तफावत दाखवली. प्रत्येक वाक्यानंतर जरा थांबायचे, की आता कुणीतरी हसेल, आता तरी कुणाच्या ओठाचा कोपरा हलेल. भिंगवाले वहीत उतरवून घेत होते.

"या काळात मला उमगलं," मी शेवटी म्हणाले, "की ऐकणं हेच खरं नेतृत्व." हे बोलताना जीभ कशी झडली नाही कोण जाणे.

टाळ्या झाल्या. साहेब उठून उभे राहिले. त्यांचा आवाज दाटला होता. "इतकी वर्षं आपण अशा व्यक्तीला वेळापत्रकात कुजवत होतो," ते म्हणाले.

मी पुढ्यातले कागद गोळा करायला लागले.

"आजपासून या आपल्या परती विभागाच्या प्रमुख. आईबापांच्या रजा, त्यांच्या जागी माणसं नेमणं, त्यांचं परत येणं, सगळं यांच्याकडे."

"साहेब, हिवाळी वेळापत्रक..."

"बदली आहे ना. रेघा काय हो, कुणीही ओढेल. माणसं समजणं कितीजणांना जमतं?"

पुन्हा टाळ्या झाल्या. मी गेले होते टेबल मागायला आणि त्यांनी बढती देऊन टेबलाला वाटाण्याच्या अक्षता लावल्या. सगळे हात हातात घेऊन अभिनंदन करत होते, त्यामुळे धड ओरडताही येईना.

दुसऱ्या दिवशी मी कोचबाईंच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. "ते सगळं थट्टेतलं होतं," मी सांगून टाकलं. "जेवताना बसून रचलेलं."

कोचबाईंनी मान सरळ केली. त्यांची मान मी पहिल्यांदाच सरळ बघितली. "मला तुम्ही वाचलंत तेव्हाच कळलं होतं," त्या म्हणाल्या. आवाजातला मध पार आटला होता. "गळती-नियंत्रण कोण खरं मानेल?"

"मग डोळे का पुसत होतात?"

"हसू आवरेना."

"मग बोलायचं तरी."

"बोलून काय करू? मला वाटलं, निदान ही तरी थट्टा त्यांना कळेल. कुणीतरी हसेल, खजील होईल आणि म्हणेल, जाऊ दे, या बाईला तिच्या कामाला जाऊ दे." त्यांनी खोक्यातला कागद उगीचच आत ढकलला. "नाही कळली. त्यांना कधी कळतच नाही."

"आजवर ज्या ज्या परतल्या, त्यांना टेबल मिळालं का हो?"

"बढती मिळाली," कोचबाई म्हणाल्या. "हिशेबातली होती ना, ती आता आनंद विभागात असते. कारखान्यातली इंजिन खोलणारी भिंतींवर सुविचार लावते. मी स्वतः बँकेत होते. मोठमोठी कर्जं मंजूर करायचे. मुलगा झाल्यावर परत गेले, तर मलाही अशीच एक छान खोली दिली. खोली छान होती म्हणून बसले, आणि मग तोच धंदा होऊन बसला."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही, त्याऐवजी रडू आलं. खोक्यातला कागद मला त्या दिवशी पहिल्यांदा लागला, आणि कोचबाई एकदाही "ऐकतेय हं मी" म्हणाल्या नाहीत.

घरी आनंदीआनंद होता. "पगार वाढला, वेळेवर घरी यायला मिळणार, आणखी काय हवंय तुला?" नवरा म्हणाला.

"टेबल."

"अगं, मग घेऊ की एक. लाकडी हवंय की लोखंडी?"

त्या आठवड्यात मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले. सासूबाईंनी मध्ये एकदा माझ्या डोक्यावर तेल घातलं आणि काही विचारलं नाही.

परती विभाग म्हणजे एक मोठी खिडकी, दोन गुबगुबीत खुर्च्या आणि मी. काम असं नव्हतंच. खिडकीतून डेपोचं आवार दिसायचं. ड्रायव्हर गाडीतून उतरून संडासाकडे धावत जायचे आणि पँटचा पट्टा आवळत धावत परत यायचे. मी बघत बसायचे आणि मनातल्या मनात भिंतीवरचा कागद खोडायचे. रोज वाटायचं राजीनामा द्यावा, आणि रोज वाटायचं, का म्हणून द्यावा?

अशात एके दिवशी बदली आला. आत येऊन त्यानं दार लावलं, बसला नाही, नुसता उभा राहिला.

"मॅडम, मिसेसना नववा लागलाय."

"अरे वा. अभिनंदन."

"आठवडाभर सुट्टी मिळेल का? म्हणजे, आजारी आहे असं दाखवून?"

आमच्या कंपनीत बापालाही तीन महिन्यांची रजा आहे. खालच्या दालनात त्याचं मोठं चित्र लावलंय, त्यात एक दाढीवाला माणूस बाळाकडे बघून हसतोय. ती रजा आजवर कुणी मागितल्याचं ऐकिवात नव्हतं. चित्रातला माणूससुद्धा बाहेरून भाड्यानं आणलेला होता.

"आजारी कशाला? बाप म्हणून घ्या," मी म्हणाले. "तीन महिने आहेत."

त्याची पाचावर धारण बसली. "साहेब काय म्हणतील? आणि माझं टेबल?"

"कुणाचं?"

तो ओशाळला. "तसं नाही मॅडम. मला खरंच वाटलं होतं, तुम्ही परत येईपर्यंतच मी आहे. मग म्हणाले, तुम्हाला वर जायचंय."

मी त्याला बसायला सांगितलं. माझी मान एका बाजूला कधी कलली, मला कळलं नाही. "ऐकतेय हं मी," असं माझ्या तोंडून गेलं, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. पण तो बोलायला लागला.

"आमच्या वडलांनी मला कधी कडेवर घेतल्याचं आठवत नाही," तो खिडकीकडे बघत म्हणाला. "वाईट नव्हते हो. कामावरून यायचे, जेवायचे, झोपायचे. मला घ्यायचंय माझ्या पोराला कडेवर. आठवडाभरात काय घेऊन होतंय?"

माझं टेबल या माणसाकडे आहे हे मी एवढ्यात विसरले होते. मला तो आवडला, हे कबूल करायला हवं. "पूर्ण तीन महिने घ्या," मी सांगितलं. "कुणी काही बोललं तर माझ्याकडे पाठवा. त्यासाठीच तर मला या खोलीत बसवलंय."

तो गेल्यावर माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रजेवर जाणाऱ्याच्या जागी माणूस कोण नेमणार? परती विभागाची प्रमुख. वेळापत्रकाचं काम येतं कुणाला? बदलीला. आणि?

मी साहेबांकडे गेले. "बदली रजेवर जातोय. त्याच्या जागी मी बसते."

"तुम्ही? अहो, तुम्ही प्रमुख आहात. कमीपणा नाही का?"

"मग दुसरं कोण ते सांगा. हिवाळी वेळापत्रक तोंडावर आलंय."

साहेबांनी डोकं खाजवलं. एक नाव घेतलं, स्वतःच खोडलं. दुसरं घेतलं, तो माणूस निवृत्त होऊन गावाला गेला होता. "तात्पुरतं हं," ते शेवटी म्हणाले.

"रजेपुरतंच," मी म्हणाले.

अशा रीतीनं मी माझ्याच खुर्चीत, माझ्या बदलीची बदली म्हणून बसले. ऑफिसात खूप खिदळणं झालं. मला त्याचं काही वाटलं नाही. मी भिंतीवरचा कागद उतरवला, नवा लावला आणि पेन्सिलींना टोकं काढली. सपाट तुकडे सगळे परत घातले. वाचवलेल्या दोन गाड्या त्यात परत खर्ची पडल्या, त्यावर साहेब महिनाभर कुरकुरले. मग गाड्या वेळेवर धावायला लागल्या, तेव्हा त्यांनी त्याचं श्रेय वरच्या मंडळींपुढे स्वतः घेतलं. घेऊ देत. मी सुखात होते. घरी जाताना डोकं दमलेलं असायचं आणि भुंगीला उचलून घेतलं की ते दमणंही गोड लागायचं.

तीन महिने भुर्रकन गेले आणि बदली परत आला. धोरण सगळ्यांना सारखं, म्हणून त्यालाही कोर्स करावा लागला, आणि कोर्सनंतर प्रेझेंटेशन आलंच. तीच खोली, तीच मंडळी, भिंगवाल्यांपुढे तेच दोन कप. कोचबाई होत्या. प्रमुख म्हणून मीही होते, कारण मला त्या पदावरून काढायचं कुणाला सुचलं नव्हतं.

बदलीनं काहीच तयारी केली नव्हती. शर्टाच्या खांद्यावर दुधाचा वाळलेला डाग होता. तो उभा राहिला.

"शिकलो असं काही नाही," त्यानं सुरुवात केली. "पोरगा रडायचा. पहिल्या आठवड्यात मीही रडलो. बायको झोपली की त्याला घेऊन खिडकीशी उभा राहायचो. मग हळूहळू ऐकायला यायला लागलं. भुकेचं रडणं वेगळं, झोपेचं वेगळं. आधी सगळं सारखंच वाटायचं. एवढंच. आता त्याला सोडून यायला नको वाटतं."

मी याच खोलीत थट्टा म्हणून जे बोलले होते, तेच हा मनापासून बोलत होता. कोचबाई या वेळी खरंच डोळे पुसत होत्या.

साहेबांनी घड्याळात बघितलं. "छान, छान. झालं ना? मग सोमवारपासून टेबलावर या. मॅडम, तुम्ही खिंड लढवलीत, आभारी आहोत."

टाळ्या नाहीत, दाटलेला आवाज नाही. या माणसाला आपण वेळापत्रकात कुजवतोय असं कुणाला वाटलं नाही. त्याचं ऐकणं म्हणजे त्याची खाजगी बाब होती.

"मी उठणार नाही," मी म्हणाले.

"काय?"

"टेबलावरून. उठणार नाही. मी रजेत काही शिकले नव्हते, साहेब. मुलीवर जीव लावला आणि कामाची आठवण काढली, एवढंच केलं. तुमच्यापुढे बोलले ती थट्टा होती, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. मला वेळापत्रक लावता येतं आणि मला तेच लावायचंय. खुर्चीसकट उचलून बाहेर ठेवलंत, तरच जाईन."

भिंगवाले वहीची मागची पानं उलटून यातली थट्टा कुठली ते शोधत होते.

"साहेब," बदली म्हणाला, "टेबल मॅडमनाच द्या. ते त्यांचंच आहे. मला ती परती विभागाची खोली द्या. तिथून चारला घरी जाता येतं."

"तुम्हाला?" साहेब चक्रावले. "अहो, पण तुम्ही पुरुषमाणूस."

वरची मंडळी एकमेकांच्या कानाला लागली. भिंगवाल्यांनी वही मिटली. "अभिनव कल्पना आहे," ते म्हणाले, आणि मग ती सगळ्यांनाच अभिनव वाटायला लागली. एक बाप, स्वतः रजा घेतलेला, आयाबायांना आधार देतोय. धाडस आहे, म्हणाले. उदाहरण आहे, म्हणाले. अडचण एकच होती. चांगल्या घरच्या तरुण माणसाला नुसतं 'प्रमुख' म्हणून त्या खोलीत बसवणं बरं दिसणार नव्हतं. तेव्हा पद वाढवलं. तो संचालक झाला, हाताखाली दोन माणसं मिळाली, यायला-जायला गाडी मिळाली. सगळं तिथल्या तिथं ठरलं, कॉफी गार व्हायच्या आत.

"मी त्याच खोलीत होते," मी साहेबांना म्हणाले. "तेव्हा हाताखाली माणसं नव्हती. गाडी नव्हती."

साहेबांनी माझ्याकडे फार प्रेमानं बघितलं. "तुमची गोष्ट वेगळी हो," ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "तुम्हा बायकांना ते उपजतच येतं. यांना शिकावं लागलं. शिकलेल्या माणसाची किंमत ठेवायला नको?"

बदलीचा चेहरा उतरला. तो माझ्याकडे बघेना. त्याचा काही दोष नव्हता, आणि मला टेबल मिळालं होतं, कायमचं, सगळ्यांदेखत. तरी बसनं घरी पोचेपर्यंत माझे कान तापलेलेच होते.

घरात शिरले तेव्हा नवरा सोफ्यावर पाय लांब करून बसला होता आणि सासूबाई भुंगीला खांद्यावर टाकून फेऱ्या घालत होत्या. भुंगी भुणभुणत होती.

"मिळालं का टेबल?" सासूबाईंनी विचारलं.

"मिळालं."

"मग तोंड का असं?"

मी सांगितलं. संचालक सांगितला, गाडी सांगितली, आणि साहेबांचं शेवटचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. नवरा खो खो हसला. "म्हणजे लंगोट बदलायला शिकलं की गाडी," तो म्हणाला. "आधी सांगायचं ना."

सासूबाई फेऱ्या घालायच्या थांबल्या. "उपजत येतं म्हणाला?"

"हो, आई."

"मला पहिलं झालं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "पोराला आंघोळ घालताना माझे हात लटलट कापायचे. धरू कसं, तेच कळेना. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, बाईच्या जातीला एवढंही येत नाही?" त्यांनी भुंगीची पाठ थोपटली. "चार पोरं शिकून शिकून वाढवली मी. कुणाला पत्ता नाही."

मी एवढे दिवस माझ्या टेबलासाठी जिवाचं रान करत होते, आणि रोज सकाळी मुलगी यांच्या हातात देऊन निघताना यांना कधी काही विचारलं नव्हतं. माझ्याही मनात तेच होतं. यांना येतंच की.

सासूबाई सोफ्याशी गेल्या. लेकाचे लांब केलेले पाय त्यांनी हातानं खाली ढकलले आणि भुंगीला त्याच्या मांडीवर ठेवलं.

"घे," त्या म्हणाल्या. "तुला उपजत येत नाही. शिक."

नवऱ्यानं तोंड उघडलं. आम्ही दोघी वाट बघत राहिलो, पण विनोद काही आला नाही. भुंगीनं भुणभुण थांबवून त्याच्याकडे टक लावून बघितलं, आणि मग त्याच्या पँटवर ओला डाग पसरत गेला.

त्यानं माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. दोघींपैकी कुणी पुढे झालं नाही.

"आपल्याकडे लंगोट," त्यानं हळूच विचारलं, "कुठे ठेवलेले असतात?"